विजेची ठिणगी व राष्ट्रांची एकवाक्यता

पेट्रोलच्या पंपावर, रंगाच्या कारखान्यांतील मोटरीवर किंवा कोळशाच्या खाणींतील दिव्यावर धातूची एक लहानशी पाटी बसविलेली असते. तिच्यावर कांहीं अक्षरें व आंकडे कोरलेले असतात. येणारा-जाणारा तिच्याकडे सहसा पाहत नाहीं. पाहिलें तरी तीं अक्षरें त्याला एखाद्या गुप्त लिपीसारखीं वाटतात. परंतु तेथें काम करणाऱ्या माणसाचें आयुष्य त्या अक्षरांच्या खरेपणावर अवलंबून असतें. ही पाटी जपानांत कोरलेली असो, जर्मनींत कोरलेली असो वा पुण्यांत कोरलेली असो, तिचा अर्थ सर्वत्र एकच लागावा, यासाठीं अनेक राष्ट्रांतील तज्ज्ञ पाऊणशें वर्षांहून अधिक काळ खटपट करीत आले आहेत. ही खटपट कां करावी लागली, ती कशी चालली आणि ती अजून कोठें अपुरी आहे, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

१. स्फोटक वातावरण म्हणजे काय?

आग लागण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जळणारा पदार्थ, हवेंतील प्राणवायु आणि त्यांना पेटविणारी उष्णता. चुलींतलें लांकूड हळूहळू जळतें, कारण त्याच्या पृष्ठभागालाच काय ती हवा लागते. पण जळणारा पदार्थ वायूच्या किंवा बारीक धुळीच्या रूपानें हवेंत अगोदरच मिसळलेला असेल, तर प्रत्येक कणाच्या शेजारीं प्राणवायु तयारच असतो. मग एक ठिणगी पडतांच ज्वाला क्षणार्धांत सर्व मिश्रणांतून धांवत जाते, तापलेला वायु एकाएकीं फुगतो, आणि भिंती व छपरें उडून जातात. अशा मिश्रणालाच स्फोटक वातावरण म्हणतात.

मिश्रणाचें प्रमाण मात्र जुळावें लागतें. कोळशाच्या खाणींत निघणारा मिथेन वायु हवेंत शेंकडा सुमारें ५ ते १५ या प्रमाणांत असेल तरच स्फोट होतो. त्याहून कमी असेल तर ज्वाला पसरत नाहीं. अधिक असेल तर प्राणवायु पुरत नाहीं. स्वयंपाकाच्या गॅसची ही मर्यादा शेंकडा सुमारें २ ते ९ आहे, म्हणजे अगदीं थोडी गळतीही धोक्यास पुरते. हैड्रोजनची मर्यादा तर शेंकडा ४ पासून ७५ च्याही पुढें जाते. म्हणून तो सर्वांत अवघड सोबती होय.

धुळीविषयीं पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं २ मे १८७८ रोजीं पिठाची एक प्रचंड गिरणी उडाली व १८ माणसें मेलीं. तेथें दारूगोळा नव्हता, होतें तें गव्हाचें पीठ. त्याच देशांतील जॉर्जिया संस्थानांत ७ फेब्रुवारी २००८ रोजीं साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांत साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्यु पावले. ज्या महाराष्ट्रांत अनेक तालुक्यांचा संसार साखर कारखान्यांवर चालतो, तेथील वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां ठिणगीची शक्ति पाहूं. मिथेन व हवा यांचें नेमकें मिश्रण पेटविण्यास सुमारें ०.२८ मिलिज्यूल इतकीच शक्ति लागते. एक ग्रॅम वजन तीन सेंटिमीटर उंच उचलण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढीच ही शक्ति! हैड्रोजनला तर ०.०२ मिलिज्यूलही पुरते. म्हणजे तेंच वजन दोन मिलिमीटर उचलण्याइतकी. भिंतींतील साधें बटण दाबतांना आंत जी ठिणगी पडते, ती याहून कितीतरी पटींनीं मोठी असते. यावरून विजेचें साधें यंत्र अशा जागीं नेणें म्हणजे काय, हें सहज समजेल.

२. खाणींनीं शिकविलेला धडा

या विषयाचा आरंभ विजेच्याही आधींचा आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांत फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत २५ मे १८१२ रोजीं स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मेलीं. तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनीं मृतांची उत्तरक्रिया केली. पण तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं त्या अपघाताची सविस्तर हकीकत छापून प्रसिद्ध केली. त्या हकीकतीनें व त्यानंतर स्थापन झालेल्या मंडळीच्या खटपटीनें विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्रे डेव्ही यांचें लक्ष या प्रश्नाकडे वेधलें. हॉजसन यांनीं खाणींतील वायु बाटल्यांत भरून त्यांच्याकडे पाठविला.

डेव्ही यांनीं १८१५ सालीं जें पाहिलें, तें साधें होतें पण फार मोलाचें होतें. अतिशय बारीक छिद्रांतून जातांना ज्वाला धातूला आपली उष्णता देऊन टाकते आणि विझते. म्हणून त्यांनीं दिव्याच्या ज्योतीभोंवतीं तारेची जाळी बसविली. एका चौरस इंचांत तिला ७८४ छिद्रें होतीं. बाहेरचा वायु आंत येऊन जळला तरी ज्वाला बाहेर पडत नसे. १८१६ च्या जानेवारींत हेबर्न येथील खाणींत या दिव्याची परीक्षा झाली. डेव्ही यांनीं या शोधाचा मक्ता घेतला नाहीं. तो सर्वांस मोकळा ठेवला. त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन व डॉक्टर क्लॅनी यांनींही आपापले दिवे तयार केले होते, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

परंतु पुढें घडलेली गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. दिवा मिळाला म्हणून मालकांनीं पूर्वीं सोडून दिलेल्या, वायूनें भरलेल्या खाणी पुन्हां चालू केल्या. कोठें जाळी फाटली, कोठें ती तापून लाल झाली, कोठें वाऱ्याच्या झोतानें ज्योत जाळीबाहेर आली. आणि मृत्यूंची संख्या अपेक्षेप्रमाणें घटली नाहीं. साधन चांगलें असणें एक, आणि तें सर्वत्र सारख्याच कसोशीनें बनविलेलें, तपासलेलें व सांभाळलेलें असणें दुसरें. प्रमाणांची गरज जी उत्पन्न झाली ती येथेंच.

विसाव्या शतकाच्या आरंभीं खाणींत वीज आली. वेल्समधील सेंघेनिथ येथें १४ ऑक्टोबर १९१३ रोजीं जो स्फोट झाला, त्यांत खाणींतील ४३९ माणसें मेलीं. कारण निश्चितपणें सिद्ध झालें नाहीं. परंतु खुणेची घंटा वाजविण्याच्या विजेच्या तारांतील ठिणगी हें एक संभवनीय कारण मानलें गेलें. त्या घंटांची वीज अगदीं सौम्य असे, व म्हणूनच ती निर्धोक समजली जात असे. पुढें व्हीलर व थॉर्नटन या संशोधकांनीं प्रयोग करून दाखविलें कीं, घंटेच्या वेटोळ्यांत सांठलेली शक्ति तार तुटतांच एकदम ठिणगीच्या रूपानें बाहेर पडते, व धोका तिच्यांत असतो. वीज सौम्य आहे एवढ्यानें भागत नाहीं. ठिणगींत किती शक्ति येऊं शकते, हें मोजलें पाहिजे. अंदाजाच्या जागीं मापन आलें.

३. ठिणगीला आवरण्याच्या युक्त्या

आज ज्या युक्त्या योजिल्या जातात, त्यांतील मुख्य पुढीलप्रमाणें आहेत.

पहिली म्हणजे ज्वालारोधक पेटी. कारागीर तिला फ्लेमप्रूफ म्हणतात. पुष्कळांचा समज असा कीं, ही पेटी हवाबंद असते. तसें नाहीं. बाहेरचा वायु आंत शिरणारच, असें धरून चालावें लागतें. तो आंत पेटेल, हेंही धरून चालावें लागतें. पेटी इतकी भक्कम करावयाची कीं आंतील स्फोटानें ती फुटूं नये, आणि तिच्या झांकणाच्या जोडांतील फट इतकी अरुंद व लांब ठेवावयाची कीं बाहेर येतां येतां ज्वाला थंड व्हावी. डेव्हींच्या जाळीचेंच हें तत्त्व होय. जर्मनींतील गेल्सेनकिर्खेन येथें कार्ल बेलिंग यांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या दिशेनें पायाशुद्ध प्रयोग केले. प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, मिथेनची ज्वाला १.१४ मिलिमीटरच्या फटींतून पार जात नाहीं; एथिलीनसाठीं ही मर्यादा ०.६५ मिलिमीटर, आणि हैड्रोजनसाठीं अवघी ०.२९ मिलिमीटर आहे. प्रत्यक्ष यंत्रांत यापेक्षांही लहान फट ठेवितात.

दुसरी युक्ति मूळचीच निर्धोक मांडणी. येथें तारांतून जाणारी शक्तिच इतकी अल्प ठेवितात कीं, तार तुटली किंवा दोन तारा एकमेकींस चिकटल्या तरी पडणाऱ्या ठिणगीनें वायु पेटूं नये. सेंघेनिथनंतरच्या संशोधनाचें हें फळ होय. मोजमापाचीं व खुणांचीं हलकीं यंत्रें या रीतीनें करितां येतात. मोठी मोटर अर्थातच करितां येत नाहीं.

याशिवाय पेटींत शुद्ध हवा दाबानें भरून बाहेरचा वायु आंत येऊं न देणें. यंत्र तेलांत, वाळूंत किंवा राळेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्यांत बुडवून ठेवणें. आणि ज्यांत ठिणगी मुळींच पडत नाहीं अशा यंत्राचे सांधे व आवरण विशेष काळजीनें करणें, हेही उपाय आहेत. आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये: ठिणगी नसली तरी तापलेला पृष्ठभागही वायु पेटवूं शकतो. म्हणून यंत्रांचे उष्णतेवरून सहा वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गाच्या यंत्राचा पृष्ठभाग ४५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापला तरी चालतो; दुसऱ्याची मर्यादा ३००, तिसऱ्याची २००, चौथ्याची १३५, पांचव्याची १०० आणि सहाव्याची ८५ अंश आहे.

४. एका धोक्याचीं अनेक नांवें

बाबेलच्या बुरुजाची कथा आपल्या शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक आहे. भाषा एक राहिली नाहीं, म्हणून काम थांबलें. विजेच्या यंत्रांच्या बाबतींत असाच कांहीं प्रकार झाला. वायूचे गुण सर्व देशांत सारखेच. पण प्रत्येक देशानें आपल्या खाणींत व कारखान्यांत झालेल्या अपघातांवरून आपापले नियम केले, आपापल्या प्रयोगशाळा काढल्या आणि आपापल्या खुणा ठरविल्या.

एकच उदाहरण पुरे आहे. अमेरिकेच्या जुन्या पद्धतींत वायूंचे चार गट आहेत आणि त्यांत ए हें अक्षर असेटिलीनसारख्या अत्यंत भयंकर वायूला दिलेलें आहे. डी हें अक्षर प्रोपेनसारख्या त्या मानानें सौम्य वायूला. आंतरराष्ट्रीय पद्धतींत क्रम बरोबर उलटा आहे: दोन-ए हा गट प्रोपेनचा, दोन-बी एथिलीनचा, आणि दोन-सी हा हैड्रोजन व असेटिलीन यांचा, म्हणजे सर्वांत कडक. आतां कल्पना करा कीं, एका पद्धतींत शिकलेला कारागीर दुसऱ्या पद्धतीच्या कारखान्यांत गेला आणि ए अक्षराची पेटी सर्वांत भक्कम समजून त्यानें ती असेटिलीनच्या कोठींत बसविली. त्याचा हेतु शुद्ध, त्याचे हात कुशल, नियम दोन्हीकडचे बरोबर. आणि तरीही त्याच्या हातून मोठा अनर्थ होऊं शकतो.

जागेच्या धोक्याचें वर्णनही असेंच भिन्न. अमेरिकेंत धोक्याच्या जागेचे दोनच भाग करीत. इतर बहुतेक देशांत तीन पट्टे मानले गेले. जेथें स्फोटक वायु सतत किंवा दीर्घकाळ असतो, जसें पेट्रोलच्या टांकीचा आंतला भाग, तो शून्य पट्टा. जेथें नेहमींच्या कामांत तो मधून मधून येण्याचा संभव असतो, तो पहिला पट्टा. जेथें नेहमींच्या कामांत तो येऊं नये, आणि आलाच तर थोडाच वेळ टिकावा, तो दुसरा पट्टा. धुळीसाठीं असेच वीस, एकवीस व बावीस या अंकांचे पट्टे आहेत.

या भिन्नतेचा दुसरा परिणाम व्यापारावर झाला. एका देशांत परीक्षा होऊन उतरलेलें यंत्र दुसऱ्या देशांत पुन्हां तपासावें लागे, तिसऱ्यांत पुन्हां. खर्च वाढे, वर्षें जात. लहान कारखानदार या वाटेस जातच नसे. आणि ज्या गरीब देशांत स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, त्यांनीं कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न राहिलाच.

५. एकवाक्यतेचा मार्ग

विजेविषयीं सर्व राष्ट्रांची एक संस्था असावी, ही कल्पना १९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील परिषदेंत मान्य झाली, आणि १९०६ च्या जून महिन्यांत लंडन येथें आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोग स्थापन झाला. लॉर्ड केल्व्हिन हे त्याचे पहिले अध्यक्ष. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ सालीं, आयोगाची कचेरी जिनीव्हा येथें गेली. आणि त्याच वर्षीं स्फोटक वातावरणांतील यंत्रांसाठीं एकतिसावी तांत्रिक समिति नेमण्यांत आली. जीं राष्ट्रें महायुद्धांत एकमेकांवर बाँब टाकीत होतीं, त्यांचे तज्ज्ञ पुढें एका मेजाशीं बसून खाणकामगारांच्या रक्षणाचा विचार करूं लागले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. पण ती आढळावयास हवी.

या समितीचें पहिलें फळ १९५७ सालीं बाहेर पडलें. तें ज्वालारोधक पेट्यांविषयीं होतें व त्याला ७९ हा क्रमांक मिळाला. पुढें प्रत्येक युक्तीसाठीं निराळा भाग झाला. जागेचे पट्टे ठरविणें, यंत्रें बसविणें, त्यांची तपासणी व दुरुस्ती यांसाठींही भाग झाले. १९९७ पासून आयोगाच्या सर्व क्रमांकांत साठ हजार मिळविण्यांत आले, म्हणून आज ही माला ६००७९ या नांवानें ओळखली जाते.

एखादें कलम कसें ठरतें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. प्रथम तज्ज्ञ मसुदा लिहितात; तो सर्व राष्ट्रांकडे जातो; प्रत्येक राष्ट्र आपल्या हरकती लेखी कळवितें; प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावें लागतें. शेवटीं मत घेतात. प्रत्यक्ष भाग घेणाऱ्या सभासदांपैकीं मत देणाऱ्यांत निदान दोन तृतीयांश अनुकूल पाहिजेत, आणि एकंदर मतांपैकीं एक चतुर्थांशाहून अधिक प्रतिकूल असतां कामा नयेत. यास वर्षें लागतात. परंतु घाईनें केलेला नियम पुढें कोणी पाळीत नाहीं.

वाद झाले नाहींत असें नाहीं. अमेरिकन पद्धतींत विजेच्या तारा जाड लोखंडी नळ्यांतून नेऊन जागोजागीं त्या नळ्या बंद करीत. युरोपांत आवरण घातलेली केबल पेटींत नीट आवळून घेत. प्रत्येकाला आपलीच रीत सुरक्षित वाटे, आणि प्रत्येकाच्या पाठीशीं पुष्कळ वर्षांचा अनुभव होता. येथें एक मोठा धोका संभवतो. तडजोड करावयाची म्हणजे प्रत्येकाची कडक अट सोडून द्यावयाची, असें झालें तर एकवाक्यता होईल, पण कामगार मरेल. यावर उपाय एकच निघाला: कोणाची रीत जुनी किंवा कोणाचें राष्ट्र मोठें हें न विचारतां, पेटीला प्रत्यक्ष वायूंत ठेवून, आंत स्फोट करून, ज्वाला बाहेर येते कीं नाहीं हें पाहावयाचें. जी रीत कसोटीस उतरेल तिला जागा द्यावयाची. अखेर १९९६ सालीं अमेरिकेनें आपल्या विद्युत्-नियमांत जुन्या पद्धतीच्या जोडीला तीन पट्ट्यांची पद्धति घेतली. जुनी पद्धति अजूनही तेथें चालू आहे. म्हणून दोन्ही भाषा जाणण्याची गरज संपलेली नाहीं.

युरोपांत १९९४ सालीं अशा यंत्रांविषयीं एक कायदेशीर निर्देश निघाला व तो १ जुलै २००३ पासून सक्तीचा झाला. त्याची सुधारलेली आवृत्ति २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. अशा यंत्रांवर षट्कोनांत विशिष्ट खूण असते. १९९६ सालीं ड्रेस्डेन येथें झालेल्या कराराप्रमाणें युरोपीय व आंतरराष्ट्रीय मसुद्यांवर एकाच वेळीं मत घेण्याची वहिवाट पडली, म्हणून दोहोंचा मजकूर पुष्कळ अंशीं एकच राहतो.

पण नियम एक झाला तरी परीक्षक निरनिराळे. एका प्रयोगशाळेनें पास केलेली पेटी दुसरीनें नापास केली तर नियमाची एकवाक्यता काय कामाची? म्हणून १९९६ सालीं आयोगानें आणखी एक व्यवस्था सुरू केली. तिला आयइसीएक्स म्हणतात. तींत एका देशाच्या प्रयोगशाळेची तपासणी दुसऱ्या देशांचे तज्ज्ञ करितात. एकच नमुना निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे पाठवून त्यांचे निकाल ताडून पाहण्याचें कामही चालतें. त्यांत जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेनें पुढाकार घेतला आहे. यंत्रांनाच नव्हे, तर दुरुस्तीच्या कारखान्यांना व काम करणाऱ्या माणसांनाही प्रमाणपत्र देण्याची सोय त्यांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगानें २०११ सालीं या व्यवस्थेची शिफारस सर्व देशांस केली.

६. पाटी कशी वाचावी?

समजा, एका मोटरीवर पुढील अक्षरें आहेत: एक्स, डी, दोन-बी, टी-४, जी-बी. यांपैकीं एक्स म्हणजे हें यंत्र स्फोटक वातावरणासाठीं केलेलें आहे. डी म्हणजे ज्वालारोधक पेटीची युक्ति. दोन-बी म्हणजे एथिलीनच्या गटापर्यंतच्या वायूंत चालेल. अर्थात् प्रोपेनमध्यें चालेल, हैड्रोजनमध्यें चालणार नाहीं. टी-४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांपलीकडे तापणार नाहीं. जी-बी यांत जी हें अक्षर वायूचें, आणि बी हा रक्षणाचा दर्जा. असें यंत्र पहिल्या व दुसऱ्या पट्ट्यांत चालेल, शून्य पट्ट्यांत नाहीं. खाणींसाठीं एक हा अंक व धुळीसाठीं तीन हा अंक राखलेला आहे. कापसाच्या तंतूंना तीन-ए हा गट आहे, म्हणून वऱ्हाड-खानदेशांतील जिनिंगच्या कारखान्यांचाही या पाटीशीं संबंध पोंचतो.

पांच खुणांत किती विचार सांठविला आहे, तें पाहा. आणि पाटी जपानी यंत्रावर असो कीं भारतीय यंत्रावर, वाचन एकच.

७. आपल्या देशाची गोष्ट

हा प्रश्न परक्यांचा नव्हे. बिहारांतील, म्हणजे सांप्रतच्या झारखंडांतील, धोरी येथील कोळशाच्या खाणींत २८ मे १९६५ रोजीं झालेल्या स्फोटांत अडीचशेंहून अधिक कामगार मृत्यु पावले. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं मुंबई हाय येथें तेल सांपडलें; तेथील मंचांवर नाना देशांचीं यंत्रें शेजारीं शेजारीं चालतात. २७ जुलै २००५ रोजीं तेथें एका नौकेचा धक्का लागून वायूची नळी फुटली, आग भडकली व २२ माणसांचा अंत झाला. त्या आगीचें मूळ विजेच्या यंत्रांत नव्हतें. परंतु वायु कोणत्या वाटेनें सुटेल, हें आधीं सांगतां येत नाहीं, हा धडा तिनें दिला.

भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. १९८७ पासून तिचें काम भारतीय मानक ब्यूरो पाहतें. ज्वालारोधक पेट्यांसाठीं आपल्याकडे २१४८ क्रमांकाचें भारतीय मानक पुष्कळ वर्षें चाललें. पुढें ब्यूरोनें आंतरराष्ट्रीय ६००७९ मालेंतील भाग भारतीय मानकें म्हणून स्वीकारण्याचें धोरण ठेविलें. यंत्रांची परीक्षा धनबाद येथील केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेंत होते. खाणींवर धनबाद येथीलच खाण-सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. पेट्रोल व स्फोटक द्रव्यें यांविषयींची परवानगी देणारी जी केंद्रीय संस्था, तिचें मुख्य ठाणें आपल्या नागपूर शहरांत आहे. तिचा आरंभ १८९८ सालचा.

नागपूरचें नांव निघालें म्हणून एक महत्त्वाचा मुद्दा सांगतों. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें, पाटीवर निराळें लिहिलें नसेल, तर यंत्राच्या भोंवतालची हवा उणे २० पासून ४० अंशांपर्यंत असेल असें धरलेलें असतें. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो, हें कोणास सांगावयास नको. समजा, ४० अंशांच्या हवेंत एका टी-४ मोटरीचा पृष्ठभाग १३० अंश तापतो. तीच मोटर ४८ अंशांच्या हवेंत ठेवली तर पृष्ठभाग सुमारें १३८ अंशांवर जाईल, आणि १३५ ची मर्यादा ओलांडली जाईल. पाटी खोटी नव्हे; ती निराळ्या हवेसाठीं लिहिलेली आहे. म्हणून अशा ठिकाणीं जास्त उष्णतेसाठीं मुद्दाम परीक्षा झालेलें व तसें पाटीवर लिहिलेलें यंत्रच मागितलें पाहिजे. नियमांची एकवाक्यता म्हणजे सर्व देशांची हवा एक झाली असें नव्हे. जो देश समितींत बसून आपल्या उन्हाळ्याची हकीकत सांगणार नाहीं, त्याचा उन्हाळा नियमांत येणार नाहीं. म्हणून दुसऱ्यांनीं केलेला नियम नुसता उतरून घेणें पुरेसें नाहीं. तो करण्याच्या कामांत आपले तज्ज्ञ असले पाहिजेत.

८. पाटीच्या पलीकडे

शेवटीं पुन्हां डेव्हींच्या दिव्याकडे वळूं. ज्वालारोधक पेटीच्या झांकणाला बारा बोल्ट असतील व दुरुस्तीनंतर अकराच बसविले गेले, किंवा फटीच्या गुळगुळीत कडेवर कोणी कानस चालविली, तर पाटीवरचें एकही अक्षर बदलत नाहीं, पण तिचा अर्थ नाहींसा होतो. सर्व राष्ट्रांच्या विद्वानांनीं केलेली मेहनत एका आळशी हातानें व्यर्थ होते. म्हणून तपासणी व दुरुस्ती यांचे भाग या मालेंत घातले आहेत. आणि म्हणूनच उद्यां जे विद्यार्थी औद्योगिक शाळांत जाऊन विजेचें काम शिकतील, त्यांच्यावर मोठ्या विद्वानांइतकीच जबाबदारी आहे.

पालकांसाठींही एक सांगणें आहे. घरांतील स्वयंपाकघर कांहीं कारखाना नव्हे, व तेथील बटणांवर एक्स ही खूण नसते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षां जड असतो. तो गळला तर जमिनीलगत सांचतो. त्याला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो यासाठींच. असा वास येतांच दिव्याचें वा पंख्याचें बटण लावूंही नये आणि बंदही करूं नये. कारण दोन्ही वेळीं ठिणगी पडते. काडी ओढूं नये, रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, घरांतील माणसांस बाहेर काढावें आणि बाहेर जाऊन मदत बोलवावी.

जो माणूस यंत्राच्या आंत पाहूं शकत नाहीं, त्याला यंत्रावरच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. खाणींत उतरणारा मजूर, टांकीवर चढणारा गडी, समुद्रांतील मंचावरचा खलाशी, हे सर्व न पाहिलेल्या माणसांनीं दूर देशीं केलेल्या परीक्षेवर आपला जीव सोंपवितात. खोटें माप वापरूं नये, ही शिकवण सर्व धर्मांत आहे; या विषयांत तिचा अर्थ इतकाच कीं, एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचें मापही खरें असावें, आणि तें सर्व देशांत एकच असावें. हें काम गाजावाजा न करितां चालतें. त्याचें यश दिसत नाहीं, कारण जो स्फोट झाला नाहीं त्याची बातमी येत नाहीं. कामावर गेलेला माणूस संध्याकाळीं घरीं परत येतो, एवढेंच त्याचें फळ.